सुभेदारानं अन्न का सोडलं?

“गुन्हेगार वारा असला, तरी मी त्याची पावलं ओळखतो,” असं आमचे अनंतराव सांगत. दारावर पाटीच होती: ‘निवृत्त इन्स्पेक्टर’. सरकारी कारखान्यात त्यांनी जन्मभर नटबोल्ट तपासले, एवढं मात्र पाटीवर मावलं नव्हतं.

२००६ सालची गोष्ट. चेन्नईत आम्हाला तीस वर्षं झाली होती, पण अनंतरावांनी नाशिकहून सोबत आणलेला हिवाळा परत गेलाच नाही. कॅलेंडरवर मार्गशीर्ष लागला की घरातले पंखे बंद. संक्रांतीचा तीळगूळ खाल्ल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. स्वतः माकडटोपीत, आणि त्या वर्षी आमच्याकडे राहायला आलेला सुभेदार लोकरी स्वेटरात.

सुभेदार म्हणजे नात रेवाचा पॉमेरेनियन कुत्रा. मुळातच केसांचं गाठोडं. कामासाठी पुण्याला जाताना तिनं तो आमच्या हवाली केला होता. आणि त्यानं अन्नच सोडलं! तिचा फोन आला, “आजी, सुभ्या जेवतो ना गं?” मी “हो” म्हटलं आणि सुभेदाराची न शिवलेली ताटली उचलून ठेवली. रविवारी ती परत येणार; तिला तोंड कसं दाखवायचं?

“डॉक्टरकडे नेऊ या,” मी म्हटलं.

“दवाखाना संध्याकाळी उघडेल. विष घालणारा गुन्हेगार तोवर पळेल,” म्हणत त्यांनी भिंग काढून सुभेदारावर रोखलं. “जीभ बाहेर! कुणाचं तरी नाव सांगायचंय त्याला.”

“मग सांगत का नाही?”

“धमकावलंय.”

सुभेदार धापा टाकत न्हाणीघरात गेला आणि गार फरशीवर पोट टेकून पडला.

“नळ दुरुस्त करणारा! मला वाटलंच होतं.”

मग तो उठून फ्रिजच्या दाराला नाक लावून बसला.

“विष फ्रिजमध्ये आहे. नळवाल्यानंच ठेवलंय.”

“फ्रिजमध्ये तुमचे मेथीचे लाडू आहेत.”

त्यांनी लाडूंकडेही संशयानं पाहिलं. त्यात थोडं तथ्य होतं.

तेवढ्यात शेजारची अलमेलू दहीभाताचा डबा घेऊन आली. माझ्या संगतीत ती मराठी शिकली होती. दारातच पदरानं वारा घेत ओरडली, “अय्यो अक्का, हे घर आहे की इडलीपात्र?”

अनंतराव “पुराव्यांना हात लावू नका!” म्हणेपर्यंत तिनं पंखा लावला, सुभेदाराचा स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि पाण्याचं भांडं पुढे केलं. सुभेदारानं अंग झाडलं. भांडंभर पाणी प्यायला. जरा वेळानं उठला आणि अलमेलूच्या डब्यातला दहीभात बोटं चाटून संपवला. बोटं अलमेलूची.

माझा जीव भांड्यात पडला.

“मीही याच निष्कर्षाला येत होतो,” अनंतराव म्हणाले.

“कधी येणार होता?”

“संक्रांतीपर्यंत.”

रविवारी रेवानं दार ढकललं, तेव्हा दोघं पंख्याखाली उताणे घोरत होते. माकडटोपी एकाच्याच डोक्यावर होती.