अपराजित प्रशिक्षक पाहिजे

महाविद्यालयाचा मुलींचा बास्केटबॉल संघ सलग अकरा वर्षं हरत होता आणि त्याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. त्या हरण्याला एक शिस्त होती. संघ वेळेवर जायचा, वेळेवर हरायचा आणि शेवटची बस चुकायच्या आत परत यायचा. क्रीडाशिक्षकांना प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे नुसतं 'मास्तर' म्हणत. ते निकालाचा कागद फलकावर लावायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गळ्यात शिट्टी अडकवून पुन्हा मैदानावर हजर.

यंदा मात्र घोळ झाला. यंदा संघ फक्त दोन गुणांनी हरला.

पन्नास गुणांनी हरलं की लोक हसतात आणि विसरतात. दोन गुणांनी हरलं की चौकशी बसते. इथेही बसली.

मास्तर बिचारे खुशीत होते. या दोन गुणांमागे किती घाम होता ते त्यांनाच ठाऊक. संघाची कॅप्टन पहिल्या वर्षाला आली तेव्हा तिने टाकलेला चेंडू बास्केट सोडून गावभर हिंडायचा. पण पोरगी चिवट. रोज सकाळी दोनशे वेळा चेंडू टाकायची आणि किती चुकले ते वहीत लिहायची. सुरुवातीला दोनशेतले एकशे नव्वद चुकायचे, आता चौतीसवर आले होते. तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

"मास्तर, कॉलेज सोडायच्या आधी एक सामना जिंकायचाय," ती म्हणाली. "एकच."

"जिंकशील. आपल्याला दोन गुणांनी हरवणारा तोच संघ पुढच्या महिन्यात आपल्याकडे येतोय, आपल्या मैदानावर. लिहून देऊ?"

"द्या."

मास्तरांनी खरंच तिच्या वहीत लिहून दिलं आणि खाली सही ठोकली. माणूस आनंदात असला की कुठेही सही करतो.

इकडे पराभव कारणमीमांसा समितीच्या तीन बैठका झाल्या. पहिलीत समितीने स्वतःचं अभिनंदन केलं, दुसरीत चहा गार असल्याची गंभीर दखल घेतली आणि तिसरीत पराभवाचं मूळ कारण शोधून काढलं: संघाला पराभवाचा अनुभव फार आहे. सबब, ज्याला हा अनुभव मुळीच नाही असा प्रशिक्षक नेमावा.

"साहेब, खेळ म्हटला की हरणं आलंच," मास्तर म्हणाले.

"हीच ती मानसिकता!" अध्यक्ष गरजले. सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

जाहिरात निघाली. अर्जात एकच महत्त्वाचा रकाना होता: आजवरचे एकूण पराभव. मास्तरांनाही अर्ज करायची मुभा होती, कारण संस्था कुणावर अन्याय करत नसे. मास्तरांनी प्रामाणिकपणे 'एकशे बत्तीस' लिहायला घेतलं, पण चौकटीत दोनच आकडे मावत होते. अर्ज अपूर्ण म्हणून बाद झाला. मग त्यांनाच मुलाखतींचं टिपण घ्यायला कोपऱ्यात बसवण्यात आलं.

पहिल्या उमेदवाराने तीन संघांना मोठमोठे करंडक मिळवून दिले होते. पराभव नऊ.

"नऊ?" अध्यक्षांनी चष्मा काढला. "घरी माहीत आहे का हे?"

दुसऱ्या बाईंनी दोनशे सामने जिंकले होते आणि एक हरला होता. समितीला मनापासून हळहळ वाटली. प्राचार्य त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि म्हणाले, "तेवढा एक टाळला असतात तर!"

शेवटी कडक इस्त्रीच्या कोटातले एक गृहस्थ पातळशी फाईल घेऊन आले. याआधी ते एका विमा कंपनीत प्रेरणाप्रमुख होते.

"किती सामने हरलात?"

"एकही नाही."

समिती उभीच राहिली.

"आणि जिंकलात किती?" कोपऱ्यातून मास्तरांनी विचारलं.

"मास्तर," अध्यक्ष थंडपणे म्हणाले, "तो रकाना अर्जात नाही."

अपराजित सर त्याच दिवशी रुजू झाले. मास्तरांना 'सहायक (साहित्य)' करण्यात आलं, म्हणजे चेंडूत हवा भरायला ठेवलं. पण आता चेंडूत हवा लागेनाशी झाली. सर मैदानावर यायचेच नाहीत, उन्हाने कोट विटतो म्हणून. त्यांनी आधी गुणवान खेळाडूंची भरती काढली. निवड सभागृहात होती आणि तिथली फरशी नवी असल्याने चेंडू आणायला मनाई होती.

एक उंच मुलगी दारात घुटमळत उभी होती. सरांनी तिला आत बोलावलं.

"आजवर किती बास्केट चुकलीत?"

"एकही नाही. म्हणजे मी कधी चेंडूच धरला नाहीये. मी ग्रंथालय कुठंय ते विचारायला आले होते."

"शून्य!" सर पुटपुटले. त्यांचे डोळे पाणावले. "अशी गुणवत्ता शोधून सापडत नाही हो, मास्तर."

मग कॅप्टन आली. तिने वही पुढे ठेवली. सरांनी शेवटच्या पानावरची बेरीज वाचली: चुकले, अडुसष्ट हजार चारशे बारा. त्यांनी दोन बोटांनी वही मिटली.

"असल्या गोष्टी कुणी लेखी ठेवतं का?"

"नाही ठेवल्या तर कमी झाले की नाही कसं कळणार, सर?"

"पुढचा उमेदवार," सर म्हणाले.

मास्तर प्राचार्यांकडे गेले, अध्यक्षांकडे गेले, हातापाया पडले. शेवटी, जुन्या मुली म्हणून कॅप्टन आणि तिघीजणींना राखीव ठेवायचं कबूल झालं. मास्तरांना तेवढंही पुष्कळ होतं. मैदानावर उतरायला मिळालं की पुढचं पोरी बघून घेतील.

सामन्याच्या नोंदणीच्या शेवटच्या दिवशी मास्तर फॉर्म घेऊन सरांच्या खोलीत गेले.

"सर, सही."

"मास्तर, बसा. आपण खेळलो तर काय होईल?"

"जिंकू, सर! यंदा नक्की."

"किंवा?"

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं, पण सवय नव्हती. "किंवा... हरू."

"आज आपण अपराजित आहोत. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं?" सरांनी फॉर्म घडी घालून खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कॅप्टन मैदानावर होती. तिने वही उघडून मास्तरांची सही दाखवली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकशे बत्तीस पराभवांत त्यांना कधी रडू आलं नव्हतं, ते त्या दिवशी आलं. पोरीने दोनशे वेळा चेंडू टाकला, एकोणतीस चुकल्याचं लिहिलं आणि वही मास्तरांच्या हातात ठेवून निघून गेली.

हंगाम संपला. फाटकावर भलामोठा फलक लागला: 'आमचा संघ अपराजित'. सरांचा पगार वाढला, सत्कार झाला. प्रवेशासाठी पालकांची रीघ लागली आणि गाड्या लावायला जागा पुरेना. समितीच्या लक्षात आलं, की मैदान उघडं राहणं धोक्याचं आहे. दिसलं की कुणालाही खेळावंसं वाटायचं. तेव्हा बास्केट उतरवून तिथे पार्किंग केलं. देखरेखीला मास्तरांना ठेवलं, कारण शिट्टी त्यांची स्वतःची होती.

परवा तुम्हीही आला होतात की, मुलीच्या प्रवेशासाठी. तुमची गाडी मास्तरांनीच शिट्टी वाजवून लावून दिली. चाकांखाली एक पुसट पांढरी रेघ होती, तुमचं लक्ष गेलं नसेल.

"मुलगी काही खेळते का?" मास्तरांनी विचारलं होतं.

"छे हो," तुम्ही हसून म्हणालात. "उगाच हरायची सवय लागायला नको."

तेवढ्यात मुलीने हातातल्या कागदाचा बोळा केला आणि त्या रेघेवरून लांबच्या कचऱ्याच्या डब्याकडे नेम धरून टाकला. चुकला. ती धावत गेली, बोळा उचलून पुन्हा रेघेवर येऊन उभी राहिली. तुम्ही तिच्या हातातून तो काढून घेतलात, डब्यापाशी जाऊन स्वतः नीट आत टाकलात आणि तिला घेऊन कचेरीकडे निघालात.

मास्तरांनी खिशातून जुनी वही काढली आणि नव्या पानावर लिहिलं: चुकले, एक. मग तुमची मुलगी मागे वळून बघतेय का, ते बघत बराच वेळ उभे राहिले.