नाकपुड्यांचा धडा

डॉ. बागुलांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर दुपारी माझ्या वॉर्डातल्या रिकाम्या खाटेवर बूट काढून आडवे पडले होते. भोवती सहा विद्यार्थी. मी तिथली इन्चार्ज सिस्टर. वीस वर्षांत असं दृश्य पाहिलं नव्हतं.

"सर, बरं नाही का?"

"उत्तम आहे. पण सिस्टर, इथून तुमच्या फक्त नाकपुड्या दिसतात."



नाशिकच्या आमच्या मेडिकल कॉलेजात ते पॅलिएटिव्ह केअर सुरू करायला आले होते. आजार बरा होणार नाही, पण वेदना, धाप, भीती कमी करायची. त्यासाठी चार खाटा मिळाल्या. शिकवण्याची तऱ्हा अशी: एका विद्यार्थ्याने खाटेवर पडायचं, बाकीच्यांनी पायथ्याशी उभं राहून त्याच्याबद्दल इंग्रजीत बोलायचं. मग प्रश्न, "काय दिसलं?" उत्तर ठरलेलं: नाकपुड्या. "मग आधी बसा. बोलायचं ते नंतर." पहिल्या नंबराच्या मुलीला त्यांनी वॉर्डातल्या परीक्षेत नापास केलं. सगळं बरोबर सांगितलं होतं तिने, पण उभ्याने.

पुढे सर्जरीला खाटा कमी पडू लागल्या. डीन चारही परत घ्यायला आले.

"बरे होणारे पेशंट जमिनीवर झोपलेत, बागूल. तुमचा एकही बरा होत नाही."

"खरं आहे. सर, जरा आडवे होता का?"

मी म्हटलं, गेली यांची नोकरी. डीन बहुधा धक्क्यानेच आडवे झाले. बागूल पायथ्याशी उभे राहिले आणि त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "सिस्टर, यांचं आता काही होण्यासारखं नाही. खाट कधी रिकामी होईल?"

शेजारच्या खाटेवरून नांदगावच्या अक्का म्हणाल्या, "या सायबाला काय झालंय वो? लय भ्यालाय."

डीन उठले आणि निघून गेले. मी दोन दिवस धास्तीत. तिसऱ्या दिवशी कागद आला: खाटा राहतील. सोबत सहा नवी स्टुलं.

"हे नाकपुड्यांचं कुठे शिकलात, सर?" मी विचारलं.

ते चादर सारखी करत होते. "बायको अशाच खाटेवर होती. मी रोज यायचो, पायथ्याशी उभा राहून रिपोर्ट सांगायचो. एकदा म्हणाली, अहो, बसा ना. म्हटलं, राउंड संपवून येतो."

चादर केव्हाच सारखी झाली होती. तरी ते करतच राहिले.

मला समजूत घालता येत नाही. नवं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं, दुसरं ओढून मी समोर बसले.