मोहनराव बडतर्फ जाहले, ते प्रकरण

श्रीगजाननास नमन करोन, आणि ज्यांचे घरची चकली खाऊन आमची एक दाढ कायमची हलली त्या धन्यास मुजरा करोन, वलंदेजांच्या नायमेखन मुलखी दिवाळीचे तोंडावर जो रणसंग्राम जाहला त्याची हकीकत लिहितो. खोटे लिहिणार नाही. लिहावे लागलेच तर तसे सांगोन लिहू.

राजमान्य राजश्री अंबरीशपंत, संगणकाच्या चिपांच्या कारखान्यातील बडे अंमलदार, हे मराठी मंडळाचे अध्यक्ष जाहले, आणि गादीवर बसतात न बसतात तो वार्ता आली की द हेगकर मंडळाने गतसाली चकल्यांचा डोंगर रचून नाव कमावले, मग पंतांचे अंगाचा तिळपापड जाहला आणि फर्मान सुटले की, द हेगकरांस जे दहा वर्षांत साधले ते आपण एका शनिवारात साधावे, सबब तमाम रयतेने आपापला चुलखंड विसरोन पंतांचे स्वयंपाकघरी हजर व्हावे, आणि प्रश्न विचारू नये, कारण प्रश्न म्हणजे विलंब आणि विलंब म्हणजे फितुरी.

पहिला घाव घरातच बसला. पंतांचे कुटुंब मृदुलाबाई दरसाल दिवाळीस लेकीला जवळ घेऊन थोडक्याच चकल्या निगुतीने करीत, आणि कन्या ईशानी हिला त्यांनी वचन दिले होते की या साली सोऱ्या तू फिरवायचा. पोरीने वर्षभर वाट पाहिली. तो पितळी सोऱ्या सरकारजमा जाहला, मुलांस स्वयंपाकघरी मज्जाव जाहला, आणि ईशानी जिन्याच्या पायरीवर बसोन रडली. लिहितानाही आमचा जीव कळवळतो, परंतु त्या दिवशी जिन्याकडे पाहण्यास कोणास फुरसत नव्हती.

मग शेजारचे शैलेंद्र तळणीवर नेमले गेले, त्यांचे कुटुंब लतिकाबाई सोऱ्यावर, मृदुलाबाई पिठावर, आणि पंत स्वतः कानात यंत्र घालोन कचेरीच्या मसलतीत बोलत एका डोळ्याने देखरेख करू लागले. इतक्यात मृदुलाबाईंनी अर्ज केला, "अरे अंबरीश, घाई नको करूस, मोहनाशिवाय चकली व्हायची नाही."

आता मोहन म्हणजे पिठात घालावयाचे कडकडीत तेल, हे वाचकांस ठाऊक. परंतु पंतांची हयात वसतिगृहाच्या खाणावळीत गेलेली, त्यांस पोळपाट आणि पाट यांतला भेद उमगत नसे. त्यांस वाटले, हा मोहन कोणी कामचुकार गडी, वेळेवर आला नाही. तात्काळ हुकूम सादर जाहला की, येथे कोणावाचून काही अडत नाही, मोहन बडतर्फ. मृदुलाबाईंनी तोंड उघडले, मग प्रश्नबंदीचे फर्मान आठवले, मग जिन्यावरले मुसमुसणे ऐकू आले, आणि त्यांनी तोंड मिटोन हुकूम अक्षरशः पाळला. तेलाचा थेंब न घालता पीठ मळले.

पीठ ऐसे घट्ट की सोऱ्या फिरेना. लतिकाबाईंनी दात ओठ खाऊन पिळला आणि त्यांचे मनगट सुजले. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे येथील घरवैद्याकडे, निरोप गेला, तो जबाब आला की पॅरासिटॅमॉल घ्या आणि पंधरवड्याने कळवा, हा या मुलखाचा दस्तुरच. तळणीचा धूर हुंगोन छताच्या भोंग्याने नौबत झोडली. शैलेंद्रांनी एक चकली चाखली, ती जिभेवरोन गालात, गालातून खिशात सारली, आणि पंतांपुढे म्हणाले, "खुसखुशीत!" उत्पादनाचा आकडा चढत गेला आणि चाखणारे कमी होत गेले.

अखेर पंतांनी स्वतः विजयाचा घास घेतला. कट्ट ऐसा आवाज जाहला आणि दाढेतले सिमेंट हातात आले. पंत गरजले की ही फितुरी कोणाची? तेव्हा जिन्यावरोन आवाज आला, "पापा, मोहन इज ऑइल. यू फायर्ड द ऑइल!"

मग लतिकाबाई सुजला हात धरोन हसल्या, मृदुलाबाई हसल्या, आणि पंत मात्र त्या हाताकडे पाहात राहिले, जो सकाळपासोन त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांनी गोठवलेल्या मटारची पिशवी आणोन आपले हाते त्या मनगटावर धरली, माफी मागितली, आणि राजवटीचे अखेरचे फर्मान काढिले की, मोहनरावांस कडकडीत सन्मानाने पूर्वपदी रुजू करावे आणि सोऱ्या ईशानीबाईंचे हवाली करावा.

पहिली चकली वाकडी पडली, शेपूट सुटले. पंतांनी ती दुखऱ्या दाढेची बाजू सांभाळोन खाल्ली आणि आणखी मागितली.

द हेगकर अजिंक्यच राहिले. दगडी माल सायकलींच्या खोपटात पडोन आहे, आणि लतिकाबाईंनी त्या दिवाळीस रांगोळी डाव्या हाताने काढिली. धन्याची आज्ञा की फत्ते आमची जाहली ऐसे लिहावे, लिहिले. खाली शिक्कामोर्तब आहे ते ईशानीबाईंच्या तेलकट अंगठ्याचे.