समुद्र उजव्या हाताला

टाकळकरकाकांच्या घरी गेलं की चपला मेक्सिकोत काढाव्या लागत.

क्युपर्टिनोतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये त्यांची एका बेडरूमची जागा होती, आणि त्या जागेच्या भिंतींवर अमेरिकेचा अख्खा पश्चिम किनारा चिकटवलेला होता. एकाला एक जोडलेले सतरा नकाशे. कॅनडाची हद्द स्वयंपाकघरात फ्रिजपाशी सुरू व्हायची. ऑरेगन शेगडीमागून पुढे सरकायचं, त्यामुळे त्यावर फोडणीचे डाग होते. सॅन फ्रान्सिस्को बाथरूमच्या दारावर होतं, आणि तिथून हॉल ओलांडून किनारा मुख्य दाराशी, चपलांच्या रॅकमागे मेक्सिकोला टेकायचा. बाथरूमचं दार आत उघडायचं. ते उघडं राहिलं की काका स्वयंपाकघरातून ओरडायचे, "दार ओढून घे रे, सॅन फ्रान्सिस्को आत गेलं!"

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी नुकताच एम.एस. करून चिपा बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो होतो. काका त्याच कंपनीत तपासणी विभागात होते. वय पन्नाशीच्या अलीकडे, लग्न केलेलं नाही, खिशात कायम एक मोजपट्टी आणि एक छोटी वही. दिवसभर चिपा मोजून पोट भरत नसे म्हणून की काय, घरी आल्यावर हा माणूस किनारा मोजायचा. सात वर्षं त्यांची एका सहलीची तयारी चालू होती. वरून खालपर्यंत, समुद्राच्या कडेकडेनं, गाडीतून.

वरून खालपर्यंत. खालून वर नाही! या एका मुद्द्यावर काकांनी निम्म्या महाराष्ट्र मंडळाशी भांडण केलं होतं. अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते. उत्तरेकडून दक्षिणेला निघालं तर समुद्र उजव्या हाताला येतो, अगदी काठावर, मध्ये कुणी नाही. "देवळात प्रदक्षिणा घालताना देव कुठल्या हाताला ठेवतोस?" ते विचारायचे. आपण "उजव्या" म्हटलं की "मग?" एवढंच म्हणून चहाचा घोट घ्यायचे. त्या "मग?" पुढे भल्याभल्यांचं काही चालत नसे.

आमचा मित्र मिलिंद आणि त्याची बायको वैशाली हनिमूनला तोच रस्ता करून आले. मिलिंद उत्साहात सांगायला गेला, "काका, पूर्ण कोस्ट ड्राइव्ह केला! अमेझिंग यार!"

"कुठून कुठे?"

"एल.ए.पासून वर, सिअ‍ॅटलपर्यंत."

काकांनी असा चेहरा केला की मिलिंदला वाटलं, घरून तार आली की काय. "चालायचंच," काका म्हणाले. "तरुण आहात. पुन्हा जाल."

पुढे त्या सहलीच्या स्लाइड्स दाखवायचा कार्यक्रम मंडळात ठरला, आणि प्रोजेक्टर चालवायला काका पुढे झाले. दिवे गेले, पडद्यावर समुद्र आला, तो उजव्या बाजूला. काकांनी एकूण एक स्लाइड उलटी घातली होती. शिवाय शेवटची आधी, म्हणजे सहल सिअ‍ॅटलहून निघाली. रस्त्यावरच्या पाट्या आरशात वाचाव्यात तशा वाचाव्या लागत होत्या, वैशालीचं घड्याळ उजव्या मनगटावर गेलं होतं, आणि मिलिंदचा भांग भलत्याच बाजूला पडला होता. "दुरुस्त केलंय," काका शांतपणे म्हणाले. वैशाली इतकी हसली की तिला बाहेर नेऊन पाणी द्यावं लागलं.

मला स्वतःची गाडी नव्हती, त्यामुळे शनिवार-रविवारी मी काकांच्या तावडीत सापडायचो. त्यांच्या तपकिरी स्टेशन वॅगनमधून आम्ही किनाऱ्यावरच्या एकेका जागेची पाहणी करायला जायचो. मी मागे बसायचो. पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर दोरी बांधलेली असे. गाडी घेतल्यापासून तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

"कुणासाठी ठेवलीय?" मी एकदा विचारलं.

"येणार आहे माणूस," काका म्हणाले, आणि मी मनातल्या मनात एक लग्न ठरवून टाकलं.

पाहणी म्हणजे समुद्र बघणं, असं तुम्हाला वाटत असेल तर चूक. काका समुद्राकडे ढुंकूनही बघत नसत. ते पायऱ्या मोजायचे. बाकावर बसायचे, "अगं आई गं" करत गुडघ्यावर हात देऊन उठायचे, पुन्हा बसायचे, मग लिहायचे. ती वही मी चोरून वाचली आहे. "पायऱ्या चौदा. कठडा फक्त डावीकडे. बाक आहे, पाठ नाही." दुसऱ्या पानावर, "दृश्य उत्तम असावे. वारा फार, कान बांधणे. बाथरूमची कडी लागते, दोनदा पाहिले." असे दीडेकशे मुक्काम. समोर पॅसिफिक महासागर पसरलेला, आणि हा गृहस्थ बाथरूमच्या कडीपाशी!

अशाच एका पाठ नसलेल्या बाकावर त्यांनी मला खरं काय ते सांगितलं.

काका जिंतूरचे. परभणीच्या पुढचं गाव, समुद्राशी संबंध नाही. आई लवकर गेली, मोठ्या बहिणीनं वाढवलं. काका नऊ वर्षांचे असताना शाळेची सहल कोकणात गेली. अक्कानं धपाटे बांधून दिले आणि सांगितलं, नीट बघून ये आणि मला सांग. परत आल्यावर तिनं विचारलं, "नंदू, केवढा असतो रे समुद्र?"

"मग?" मी विचारलं.

"मला सांगता येईना. मी म्हणालो, खूप असतो. ती म्हणाली, खूप म्हणजे केवढा? आपल्या तळ्याच्या किती पट? मी नुसता उभा." काकांनी मोजपट्टी उघडली, बंद केली. "ती हसली, म्हणाली, असू दे. तिनं अजून बघितलेला नाही. आणि असा उभ्यानं बघून कळतही नाही रे. उभं राहिलं की समोरचा तुकडा दिसतो. केवढा ते कळायला तो दिवसच्या दिवस खिडकीतून सोबत चालला पाहिजे. संपायची वाट बघायची, आणि तो संपत नाही."

ते प्लास्टिकमधलं लग्न मी तिथल्या तिथे मोडलं, आणि पुढच्या जागेच्या पायऱ्या न सांगता मोजल्या.

अक्कांचे गुडघे गेलेले, एकट्यानं विमानात बसायची भीती, त्यात व्हिसा दोनदा नाकारलेला. तिसऱ्यांदा मिळाला. काकांनी कळवलं होतं की विमानात मधली सीट माग, खिडकीची नको. वरून बघितलेला समुद्र धरायचा नाही. अक्का आल्या. नऊवारी लुगडं, त्याखाली काकांनी आणलेले पांढरेशुभ्र बूट, आणि डोळ्यांत मिश्किल हसू. आमच्या घरापासून समुद्र पाऊण तासावर. काकांनी त्यांना बारा दिवस तो दाखवला नाही. "समुद्र बघायला आले म्हणे," अक्का मला म्हणाल्या, "आणि बसलीय बाथरूमचं दार बघत."

तेराव्या दिवशी पहाटे निघालो. दुसरा ड्रायव्हर म्हणून मी आठवड्याची रजा काढली होती. आधी आतल्या रस्त्यानं दोन दिवस सरळ वर, ऑरेगनच्या टोकापर्यंत (कॅनडा रजेत बसत नव्हता), आणि मग समुद्र उजवा घेऊन खाली. काकांनी दोरी सोडली, प्लास्टिक काढलं, नवी कोरी सीट पंच्यानं पुसली आणि दार उघडून उभे राहिले.

अक्का मागचं दार उघडून ड्रायव्हरच्या पाठीमागे जाऊन बसल्या.

"अक्का, पुढं! ही तुझी जागा."

"मी नाही बाबा पुढं बसत. समोरच्या गाड्या अंगावर येतात. पुढं या पोराला बसव."

"अगं, निदान मागंच उजवीकडं सरक. तिकडं समुद्र येणार आहे."

"येऊ दे की. तिथं माझी पिशवी आहे." खरोखरच त्यांनी धपाट्यांचा डबा, चटणीची बरणी, शाल आणि उशी यांचा खिडकीपर्यंत किल्ला उभारला होता.

काकांनी दहा मिनिटं विनवण्या केल्या, नकाशा दाखवला, प्रदक्षिणेचा मुद्दा काढला. "मग?" सुद्धा म्हणून बघितलं. अक्का म्हणाल्या, "मग काय? चल, ऊन होईल." शेवटी सात वर्षं राखलेल्या त्या सीटवर मी बसलो. गाभाऱ्यात चपला घालून शिरल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी समुद्र आला. ठरल्या जागी उतरलो, पायऱ्या वहीत लिहिल्याप्रमाणे नऊच निघाल्या. अक्कांनी हात जोडले, पाण्याला कुंकू वाहिलं, थोडा वेळ बघितलं, "छान आहे रे" म्हणाल्या आणि गाडीत जाऊन डावीकडे बसल्या. त्यांच्या खिडकीत डोंगर, झाडं, लाकडाच्या वखारी आणि गायी. माझ्या खिडकीत महासागर. मला इतका समुद्र नको होता. मी सारखा "वा, वा" करून त्यांचं लक्ष वेधायचा प्रयत्न करी, आणि काकांचा चेहरा आणखी उतरे.

पाचव्या दिवशी कॅलिफोर्नियात, मेंडोसिनोच्या जरा खाली, आम्ही एका वळणावर धपाटे खायला थांबलो. ऊन स्वच्छ पडलं होतं. काकांनी धीर करून विचारलं, "अक्का, आता सांग, केवढा आहे समुद्र?"

अक्कांनी बोटं मोजली. "परवा चार झाले, काल सहा, आज हा तिसरा. तेरा समुद्र झाले बघ. गाडीत बसलं की संपतो आणि उतरलं की दुसरा येतो."

त्या थट्टेत बोलत होत्या. पण काकांचा घास हातातच राहिला. इतका पडलेला चेहरा मी कुणाचा पाहिला नव्हता, आणि मला अक्कांचा रागच आला.

"तरी मी म्हणत होतो, उजवीकडं बस!" काका कळवळून म्हणाले. "का नाही बसलीस?"

"तिकडून तुझा नुसता कान दिसतो रे," अक्का म्हणाल्या. "इथनं डोकं दिसतं. सात वर्षांनी बघतेय. भोवऱ्यापाशी पांढरं झालंय तुझं. लहानपणी तेल घालताना तो भोवरा कधी बसायचा नाही." त्यांनी बरणीचं झाकण लावलं. "समुद्र काय, आहेच."

काकांनी पंच्यानं हात पुसले, चष्मा पुसला, मग पुन्हा हात पुसले. वही डॅशबोर्डवर होती, ती त्यांनी उचलून कप्प्यात टाकली. आम्ही गाडीत बसलो, आपापल्या जागी. काकांनी दोन्हीकडे बघितलं, इंडिकेटर दिला, आणि गाडी वळवली.

उत्तरेकडे.

"काका," मी म्हणालो, "हे उलटं झालं."

"माहीत आहे."

"घर खाली राहिलं. सोमवारी माझं ऑफिस आहे."

"पुढच्या पंपावरून फोन कर. कॅन्सल कर सोमवार."

समुद्र आता डाव्या हाताला होता, अक्कांच्या खिडकीत, आणि त्यांच्या समोर काकांचं डोकं. मी पुढच्या सीटवर बसून आयुष्यात प्रथमच आनंदानं गायी बघत होतो. आणि काका, ज्यांनी सात वर्षं समुद्राकडे मान वळवली नव्हती, ते अधूनमधून डावीकडे बघत होते.

तीन-चार वळणं मागे पडली. मग, "नंदू."

"काय गं?"

"अजून आहे रे."

"हो."

दहा मिनिटं गेली. "अजून आहे." एक गाव गेलं, एक पूल गेला. "आहे रे, आहे!" आता त्या काचेला नाक लावून बसल्या होत्या, आणि एक हात पुढे काकांच्या डोक्यावर होता, भोवऱ्यापाशी. काकांचे कान लाल झाले होते.

"अक्का," ते म्हणाले, "केवढा आहे?"

"थांब की," अक्का म्हणाल्या. "संपू तर दे. मग सांगते."

काकांनी गाडी आणखी हळू केली.