पीठ फुगायला ऊबदार जागा

पाव फुगवणं ही कला नसून शिस्त आहे, आणि आमच्या घरात शिस्त माझ्याशिवाय कोणाकडेच नाही! रविवारी सकाळी मी हे जाहीर केलं, तेव्हा माझ्या लेंग्याच्या मागे दोन पांढरे पंजे उमटलेले होते. पंजे माझेच, हेही बायकोनेच सांगितलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आज जेवण तुमचं. जमलं तर दर रविवारी स्वयंपाकघर तुमचं. नाही जमलं, तर यापुढे आत फक्त पाणी प्यायला यायचं. तेही विचारून!"

बेत पिटाचा होता. आतून पोकळ, पाकिटासारखा उघडणारा पाव. सोबत काबुली चण्यांचं हमस आणि काकडी-लसूण घातलेलं घट्ट दही. दहापर्यंत दोन्ही वाडगे तयार! मिक्सरचं झाकण मध्ये एकदा उडालं, पण छताचा विषय आपण काढायला नको.

राहिलं पीठ. यीस्ट घालून मळावं आणि दुप्पट होईपर्यंत ऊबदार जागी ठेवावं, असं कृतीत लिहिलेलं. बाहेर कडाक्याची थंडी. फरशीवर पाय टेकवत नव्हता. अख्ख्या घरात ऊबदार जागा एकच. सासरेबुवा! वय शहाऐंशी, अंगात दोन स्वेटर, वर रजई, आणि नाश्त्यानंतरची झोप अशी, की उशाशी रणगाडा चालवला तरी कूस बदलणार नाहीत. मी पिठाचा गोळा पिशवीत घातला, सैलशी गाठ मारली आणि रजईखाली अलगद त्यांच्या कुशीत सरकवला. त्यांनी झोपेतच तो ओढून पोटावर घेतला.

चाळीस मिनिटांनी बायकोची किंकाळी!

"अहो! बाबांचं पोट बघा!"

रजईला मधोमध टेकडी आली होती. मी मनातल्या मनात यीस्टची पाठ थोपटली.

खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिने चढत धापा टाकत आले. त्यांनी रजईवरूनच टेकडीत बोट खुपसलं. खड्डा पडला. मग सावकाश भरून आला.

"माझा विषय दात," ते गंभीरपणे म्हणाले, "पण असलं काही मी पुस्तकातही वाचलेलं नाही. केव्हापासून आहे?"

"नाश्त्याला नव्हतं हो!" बायको रडवेली झाली.

"म्हणजे वाढतंय! अजिबात हलवू नका. ॲम्ब्युलन्स बोलवा!"

आता बोलावं, तर स्वयंपाकघर गेलं. न बोलावं, तर सासरे गेले. शिवाय पीठ दुप्पट व्हायला अजून वीस मिनिटं हवी होती. मी विचार केला. जरा जास्तच वेळ केला, हे कबूल करतो. बायकोने फोन कानाला लावला तेव्हा कुठे मी रजई उचलली.

"पिटाचं पीठ आहे," मी म्हणालो.

डॉक्टर उगाचच चष्मा पुसू लागले.

"माझ्या वडिलांच्या पोटावर?"

"मी शेजारी ठेवलं होतं. वर त्यांनी घेतलं."

"आजपासून स्वयंपाकघर बंद! पाणीसुद्धा मी आणून देईन!"

या गदारोळात सासरेबुवांनी एक डोळा उघडला. गोळा छातीशी घट्ट धरला.

"अगं, बंद कशाला करतेस?" ते म्हणाले. "जावईबापू, उद्या असाच एक पाठीसाठी मळाल का? जरा लांबट."