जुनीला काय झालं होतं?

"आपली गाडी आहे का रे अजून?" फोनवर दादाने एवढंच विचारलं. घराच्या वाटणीवरून दोघा भावांचं बोलणं कधीचं बंद होतं. थोरल्याचा आवाज अचानक कानावर पडला तसं धाकट्याला, म्हणजे दाताच्या डॉक्टरांना, इतकं भरून आलं, की ते सरळ थाप मारून मोकळे झाले.

"आहे तर! पळतेसुद्धा!"

"मग रविवारी येतो बघायला."

गाडी म्हणजे दोघांनी शाळेत असताना सुटे भाग जोडून बनवलेली रिमोटवरची पिवळी बग्गी. माळ्यावरून ती निघाली खरी, पण पळायचं सोडाच, हूं की चूं करेना. रविवारी ती अशीच बसून राहिली, तर भाऊजी चहा पिऊन जे उठतील ते पुन्हा या घराचं तोंड पाहणार नाहीत, ही धास्ती डॉक्टरांच्या बायकोने घेतली.

डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. दवाखान्यात ते पेशंटला "शक्यतो दात वाचवू" असं म्हणत. घरी मात्र त्यांनी उपटायचा सपाटा लावला. पहिली गेली मोटर.

"जुनीला काय झालं होतं?" बायकोने विचारलं. तिला कुठल्याही गोष्टीचं कुतूहल जरा जास्तच.

"काही नाही गं, चांगली आहे. पण नवी तिप्पट जोराची आहे."

तिप्पट जोराला प्लास्टिकचे गिअर पुरणार नाहीत म्हणून धातूचे आले. त्यांचं वजन पेलायला सांगाडा नवा. सांगाडा रुंद, म्हणून चाकं नवी. एवढं सगळं ओढायला बॅटरी मोठी, आणि ती पिवळ्या टपाखाली मावेना म्हणून टपही काळा, चकचकीत. दर वेळी बायको तोच प्रश्न विचारी, डॉक्टर तेच उत्तर देत, आणि काढलेला भाग बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जाई. इतकं करून गाडी ढिम्मच. शेवटी रिमोट आणि गाडीतला त्याचा रिसीव्हर बदलला, आणि चाकं गरगरली.

"अहो, म्हणजे बिघाड फक्त रिमोटमध्येच होता का?"

डॉक्टरांना एकदम ऐकू येईनासं झालं.

तिच्या डोक्यातून मात्र ते जाईना. दुपारी डॉक्टर दवाखान्यात गेल्यावर तिने जुना रिमोट उघडला. सेलच्या स्प्रिंगवर हिरवा गंज चढला होता. तो तिने नखं घासायच्या पट्टीने खरवडला. मग डबा उपडा केला. कुठला भाग कुठून निघाला ते तिने पाहिलंच होतं. आता उलटं लावत जायचं. एक स्क्रू काही सापडला नाही, तिथे तिने सेफ्टी पिन अडकवली.

रविवारी दादा आला. काळी गाडी हातात घेऊन त्याने खालून-वरून पाहिली.

"आपली पिवळी होती ना रे?"

"हीच ती! जरा सुधारली."

"यात आपलं काय आहे?"

डॉक्टरांनी बोटांवर एकेक भाग मोजला. "एक स्क्रू," ते म्हणाले. "मागचा."

दादाने गाडी खाली ठेवली. घाईघाईने डॉक्टरांनी रिमोटला बोट लावलं मात्र, गाडी अंगणातून दिसेनाशी झाली. पलीकडच्या भिंतीवर खाडकन आवाज झाला. चार चाकं चार दिशांना गेली.

"बरंय," दादा म्हणाला. "निघतो मी."

"भाऊजी, थांबा!" डॉक्टरांची बायको पदर सावरत आत धावली आणि पिवळी बग्गी आणि जुना रिमोट घेऊन आली. दोन्हींत टॉर्चमधले सेल तिने आधीच घातले होते. बग्गी घरघरली, डुगडुगली आणि रमतगमत निघाली. दोघे भाऊ मागोमाग चालू लागले.

"वळव, वळव! अरे, कुंडी!"

"आण इकडे, तुला तेव्हाही वळवता येत नव्हती!"

फेरी संपल्यावर दादाने गाडी उलटी केली. "ही सेफ्टी पिन कसली?"

डॉक्टर भिंतीपाशी पळाले, मोडक्या गाडीतून स्क्रू काढून आणला आणि त्या जागी पिळला. दोघांची डोकी एकमेकांना चिकटलेली पाहून बायकोला रडूच कोसळायचं बाकी होतं.

"काय रे," दादा हळूच म्हणाला, "हिची मोटर जरा मंद नाही वाटत?"

"नवी शाबूत आहे!" डॉक्टरांचे डोळे लकाकले.

"जुनीला काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही, चांगली आहे," दोघे एका सुरात म्हणाले.

तिने बिस्किटांचा रिकामा डबा आणून दोघांच्या मध्ये ठेवला. भाऊजी आता पुढच्या रविवारीही येणार होते.