बिनओरखड्याची मोटार

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षे झाली, तेव्हा नळदुर्गच्या अलीकडे एका फाट्यावर ‘ग्रामीण प्रसूती वाहन केंद्र’ उघडण्यात आले. केंद्रात एक पत्र्याची शेड, एक अधीक्षक, एक ड्रायव्हर आणि एक गडद निळी मोटार होती. अडलेल्या बाईला वेळेत सोलापूरच्या दवाखान्यात पोचवणे हे मोटारीचे काम. निजामाच्या राज्यात अशा कामाची अर्जी उर्दूत पडून राहायची. आता ती मराठीत पडून राहू लागली, आणि याचा अभिमान ज्याला वाटत नाही त्याच्यापुढे आम्ही हात टेकले आहेत.

मोटार सोलापूरहून आली ती भाद्रपदातल्या तिन्हीसांजेला. दोन्ही बाजूंना ओली राने, त्यात मोटारीचे दिवे लागलेले. वाटेतली यच्चयावत पाखरे, चिलटे आणि नाकतोडे सरकारी वाहनाच्या स्वागताला धावले आणि तिथेच चिकटले. सकाळच्या उन्हात बॉनेटवर त्यांचा चिकटा वाळून खडखडीत झाला. ड्रायव्हर बसप्पाने गोणपाट उचलले आणि घासायला सुरुवात केली.

“थांब!” अधीक्षक दत्तोपंत शेडमधून ओरडत आले. “कोरडं गोणपाट? रंगावर ओरखडा पडला म्हणजे?”

दत्तोपंत तुळजापूरचे, फार काळजीवाहू गृहस्थ. नवी छत्री भिजू नये म्हणून ती सदऱ्याच्या आत धरून पावसातून चिंब होऊन घरी जाणारे. त्यांनी जाणकारांकडे चौकशी केली. उपाय निघाला तो अगदी साधा. ओले सुती फडके अंथरावे, किडे मऊ झाले की हलक्या हाताने पुसून घ्यावे. काम घटकाभराचे होते, पण सरकारी होते.

बसप्पाने फडके अंथरले आणि थोड्या वेळाने उचलायला गेला.

“किडे मऊ झाले हे कशावरून?” दत्तोपंतांनी विचारले.

“बोट लावून बघतो की, पंत.”

“आणि झाले नसले तर? नखाचा ओरखडा पडेल.”

“मग फडकं उचलून बघू?”

“उचलताना घासलं जाईल. राहू दे. वरून पाणी घालत जा.”

किडे मऊ झाल्याचा दाखला कोणी द्यायचा, हा प्रश्न वर गेला. शेतीखात्याने कळवले की, आमचा संबंध उभ्या पिकावरच्या जिवंत किडीशी. मेल्यावर ती आमची नव्हे. गुरांच्या डॉक्टरांनी कळवले की, आमचा अधिकार चार पायांपर्यंत आहे आणि या जनावरांना सहा आहेत. दोघांचेही म्हणणे बिनतोड होते. फडके तसेच राहिले.

याच सुमारास शेजारच्या वाडीचा कोंडीराम केंद्रात आला. त्याची बायको कमलबाई गरोदर होती.

“सायेब, मूल आडवं हाय म्हणत्यात डागदर. घरी मोकळी व्हायची न्हाय, कळा सुरू झाल्या की लगोलग सोलापूरला आणा म्हणले. तवा मोटार मिळंल न्हवं?”

नव्या राज्यात जनतेला अहो-जाहो करण्याचा रिवाज पडला होता. दत्तोपंत आदराने म्हणाले, “कोंडीराम, मोटार जनतेची आहे. म्हणजे तुमचीच आहे. पण सध्या ती भिजत घातलेली आहे.”

“डाळ घातल्यावानी?”

“रंगाचा प्रश्न आहे हो.”

“चिलटंच हायती की. म्या पुसतो,” म्हणून कोंडीरामने फडक्याकडे हात नेला. दत्तोपंतांनी तो वरच्या वर धरला. जनता अशी कुठेही हात घालू लागली तर मोटारीचे कसे व्हायचे! त्यांनी किल्ली काढून आपल्या जानव्याला बांधली, आणि रात्री राखणीसाठी मोटारीच्या बरोबर वर पेट्रोमॅक्स टांगला.

पेट्रोमॅक्सच्या उजेडाला साऱ्या शिवारातले किडे आले. सकाळी टप, काच, दारे, सगळे भरून गेले होते. मग साऱ्या मोटारीवर ओली फडकी पडली. ताप चढलेल्या माणसाच्या कपाळावर पट्ट्या ठेवतात तशी ती नखशिखान्त पट्ट्यांत उभी राहिली. पेट्रोमॅक्स काढावा, असे बसप्पाने सुचवून पाहिले. पण आता जपण्यासारखे जास्त झाले होते, म्हणून दुसरा टांगण्यात आला.

तरी पाण्याला काही कायदा कळत नाही. दाखल्याची वाट न पाहता किडे विरघळत राहिले, आणि जिल्ह्याहून साहेब तपासणीला येणार त्याच्या आदल्या दिवशी फडकी आपोआप घसरून खाली आली. आत मोटार आरशासारखी लखलखत होती. दत्तोपंतांच्या डोळ्यांत पाणी आले.

त्याच दिवशी ऊन कलताना कोंडीरामची बैलगाडी फाट्यावर आली. आत कडब्यावर कमलबाई विव्हळत होती.

“सायेब, येळ आली. मोटार काढा.”

दत्तोपंत खरोखर कळवळले. दुष्ट माणूस नव्हे तो, हीच तर अडचण आहे. “काढली असती हो. पण दिवस मावळतोय. दिवे लावावे लागतील, आणि दिवे लावले की किडे येणार. उद्या तपासणी आहे. सकाळी उजाडल्याबरोबर नेऊ.”

गाडीतून कमलबाई म्हणाली, “सकाळपत्तूर म्या न्हाय ऱ्हात, दादा.”

“पंत, किल्ली द्या,” बसप्पा म्हणाला. दत्तोपंतांनी जानव्यावर हात घट्ट धरला आणि मान खाली घातली.

कोंडीराम हमरस्त्यावर जाऊन ट्रकांना हात करू लागला. कितीतरी निघून गेले. अंधार पडल्यावर हैदराबादकडून शेंगांची पोती घेऊन आलेला एक थांबला. त्याच्या तोंडावर किड्यांचा असा थर होता की मूळ रंग कोणता ते सांगता आले नसते. त्या ट्रकमधून कमलबाई सोलापूरला पोचली. ती वाचली. मूल वाचले नाही. जरा आधी आणायला हवी होती, असे डॉक्टर म्हणाले. इथे आम्हाला काही गंमत सुचत नाही, नुसता संताप येतो, म्हणून पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मोटारीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, “एवढ्या दिवसांत एक ओरखडा नाही! कमाल आहे.” दत्तोपंतांना बढती मिळाली. अशी मोटार रस्त्यावर नेऊन खराब करणे योग्य नव्हे, इतर केंद्रांना नमुना म्हणून ती शेडमध्येच उभी ठेवावी, असे ठरले.

ती अजून तिथे आहे. एस.टी. फाट्यावर थांबते, आणि उतारू पाय मोकळे करताना बॉनेटमध्ये वाकून आपला चेहरा पाहतात. मागच्या खेपेला तुम्हीही उतरला होतात. टोपी सरळ केलीत, मिशीवरून बोट फिरवलेत. तुमच्या खांद्यामागे बॉनेटमध्ये आणखी एक चेहरा दिसत होता, दाढी वाढलेला. कोंडीराम होता तो. सोलापूरची गाडी धरायला आला की तिथेच उभा राहतो.

“जरा बाजूला सरका हो,” तुम्ही त्याला म्हणालात, “नीट दिसत नाही.”

तो सरकला.